खुर्ची, घड्याळ आणि कॅलेंडर : उतारवयात झिजणारे स्नायू आणि त्यामागची नस

सोफ्यावरून उठताना आई हल्ली दोन्ही हातांनी रेटा देते. बाबांची पँट मागून ढगळ झालीय, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही म्हणून शेजारच्या पोराला हाक जाते. घरात कोणी विचारलंच, तर "वय झालं आता" एवढ्यावर विषय मिटतो.

ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळ-लालबाग-दादर पट्ट्यात घरोघरी जाते. यातलं बरंचसं मला कॉलेजात कळलं होतं, पटलं मात्र लोकांच्या घरी जाऊन.

सामान फार लागत नाही. बिनहाताची एक खुर्ची, सेकंद मोजायला मोबाइल, शिवणाची टेप आणि भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा हिशोब जिथे लिहिता तेच.

आधी, काय झिजतं ते

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे सगळ्यांचंच होतं. ताकद एका मर्यादेखाली गेली आणि सोबत स्नायूही आटले, की त्याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हा शब्द रुळवला. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य.

यात एक मेख आहे. स्नायू जेवढे कमी होतात त्याच्या कितीतरी पट वेगाने ताकद कमी होते. म्हणजे मांस थोडंच गेलंय, पण जोर बराच गेलाय. असं का, तर स्नायूला हुकूम देणारी नससुद्धा म्हातारी होते.

चाळीतल्या स्विचबोर्डासारखं समजा. मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीवर स्नायूच्या तंतूंचा एक जथा चालतो. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूत हा जथा अगदी लहान असतो, पोटरीत हजाराच्या वर जातो. वयानुसार या पेशी कमी होत जातात. एक पेशी गेली की तिच्यावरचे सगळे तंतू अंधारात. मग शेजारची पेशी आपली वायर तिथवर ओढते आणि त्या पोरक्या तंतूंना आपल्या बोर्डावर घेते. हा शेजारधर्म कित्येक वर्षं चालतो, बाहेर पत्ताही लागत नाही. पुढे शेजारीच कमी उरतात, काही तंतूंना वाली राहत नाही, ते सुकतात. पहिला फटका बसतो तो झटक्यात आकसणाऱ्या तंतूंना. अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकायला किंवा बसने ब्रेक मारल्यावर दांडा धरायला हेच तंतू लागतात. म्हणून आजी सपाट रस्त्यावर छान चालते आणि ठेच लागली की सरळ पडते.

म्हणूनच "स्नायूंचा डॉक्टर की मेंदूचा डॉक्टर" असा प्रश्न आला की मला लगेच उत्तर देता येत नाही. दोन्हींची वायर एकच आहे.

पहिली पायरी : मोजा

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची नको, आणि ती एकावर एक रचायची प्लॅस्टिकची खुर्चीही नको, लादीवर सरकते. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, मधे चार वेळा बसायचं, जमेल तितक्या भरभर. "सुरू" म्हटल्यापासून पाचव्यांदा ताठ उभं राहीपर्यंतचे सेकंद मोजा. तुम्ही बाजूला, हात पुढे करून उभे राहा. समोर उभं राहून मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ज्या मर्यादा ठरवल्या, त्यांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शंका घ्यायची. हात न लावता उठताच आलं नाही, तर घड्याळाची गरजच नाही, तेच उत्तर आहे. गुडघे दुखत असतील तर सेकंदांपुढे "गुडघा" असं लिहून ठेवा, कारण दुखण्यानेही वेळ वाढतो.

मग चाल. सहा मीटर सरळ, नेहमीच्या वेगाने, वर सुरुवातीला आणि शेवटी एक-दोन पावलांची मोकळी जागा. मुंबईच्या घरात सहा मीटर कुठून आणायचे? बिल्डिंगचा पॅसेज, चाळीची गॅलरी, सोसायटीचं आवार. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली आहे आणि तो कमी धरतात.

पोटरीला सर्वांत जाड भागी टेप लावा, न आवळता. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून खळगा पडत असेल तर पायाला सूज आहे आणि हे माप खोटं आहे.

हाताची पकड मोजायला डायनॅमोमीटर लागतो, तो बऱ्याच फिजिओंकडे असतो. पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. ही नुसती झाकण उघडण्याची गोष्ट नाही. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकडीतल्या दर ५ किलोंच्या घटीमागे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला होता.

वजनकाट्यावर मी मुद्दामच काही सोडलं नाही, कारण तो आपल्या लोकांना फार फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली घडण. वजन "पासष्टच्या पासष्ट" राहून आतले स्नायू गेलेले मी कितीतरी घरांत पाहिलेत.

सगळे आकडे तारखेच्या चौकोनात लिहा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा, रोज नको, रोज मोजणारे आठवड्यात कंटाळतात.

दुसरी पायरी : हे नुसतं वय आहे का, ते तपासा

इथे मी स्वतः चुकलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लालबागचे एक काका. पतपेढीत कारकून होते, अक्षर छापल्यासारखं. जन्म चाळीत गेला, तिसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला. दिवसातून चार-पाच वेळा तिथवर चालणं, बादली उचलणं, उकिडवं बसणं, भाजीसाठी तीन मजले खाली-वर. मग पुनर्विकास झाला आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट आली, कमोड आला, पाणी किचनमध्ये आलं. वर्ष-दीड वर्षात काका खुर्चीला चिकटले. मुलगा म्हणाला, "ताई, टॉवरमध्ये आल्यापासून बाबा बसलेत." मला ते लगेच पटलं, कारण असं मी चार घरांत पाहिलं होतं. (पुनर्विकासाच्या नकाशात पार्किंगचे मजले असतात, स्विमिंग पूल असतो. म्हाताऱ्यांच्या पायांतून रोजचे तीन मजले काढून घेतले, त्याची भरपाई कुठे लिहिलेली नसते.)

खुर्चीची चाचणी १९ सेकंद. व्यायाम सुरू केला. दोन महिन्यांनी १५ वर आले, मी खूश. काका मात्र म्हणत, "अगं पोरी, पाय वर येतात, पण निघत नाहीत." मी हसून सोडून दिलं.

एकदा कॅलेंडरवर त्या दिवसाचा आकडा लिहून झाल्यावर मी सहज मागची पानं उलटली. सेकंद ते स्वतः लिहायचे, सोबत दुधाचाही हिशोब असायचा. जानेवारीतला "१९" चौकोनभर होता. एप्रिलमधले आकडे तांदळाच्या दाण्याएवढे, ओळ उजवीकडे जाता जाता आणखी बारीक झालेली. मग मी काकांना पॅसेजमध्ये चालायला सांगितलं आणि या वेळी पायांकडे न बघता हातांकडे बघितलं. डावा हात झुलत होता, उजवा कोपरात वाकून अंगाला चिकटलेला. वळताना एका झटक्यात न वळता पाच-सहा तुकड्यांत वळले. काकूंना विचारलं, वास येतो का यांना? त्या म्हणाल्या, "अगं, घरात सुके बोंबील भाजले तरी ह्यांना पत्ता नसतो. दोन-तीन वर्षं झाली." झोपेत ओरडणं, लाथा मारणं, जुनी बद्धकोष्ठता, सगळं होतं. कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

न्यूरॉलॉजिस्टनी तपासून कंपवात सांगितला. हात कापत नव्हता म्हणून कोणाच्या मनात आलं नाही. कंपवातात थरथर असलीच पाहिजे असं नाही, मंदपणा आणि ताठरपणा हा त्याचा गाभा आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी हे ताडून बघते. निव्वळ वयाने झिजणारे स्नायू दोन्ही बाजूंना सारखे झिजतात, वर्षानुवर्षं हळूहळू झिजतात, मांड्या आणि कुल्ले आधी जातात, आणि मुंग्या, बधिरपणा नसतो. या चित्रात न बसणारं काहीही दिसलं, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर.

एकाच बाजूला दिसलं, हळूहळू वाढलं, हालचाल मंद झाली, अक्षर बारीक, आवाज खालचा, चेहरा कोरा : कंपवाताकडे बघा. पावलाचा पुढचा भाग उचलत नाही, चप्पल वारंवार पायातून निसटते आणि ती गेलेली कळतही नाही : पायाच्या नसा, बहुधा मधुमेहाच्या किंवा बी-१२च्या कमतरतेच्या. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात, चालताना पाय कडक, लघवीची घाई : मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असेल, आणि हे लवकर दाखवायचं दुखणं आहे. सकाळी बरं, संध्याकाळी पापणी खाली आणि चावता चावता जबडा थकतो : मायस्थेनिया, म्हणजे नसेचा हुकूम स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार, जो उतारवयातल्या पुरुषांतही होतो. स्नायू भराभर सुकतात, त्वचेखाली तंतू फडफडताना दिसतात, सोबत गिळायला त्रास किंवा बोलणं जड : मोटर न्यूरॉनचा (स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचा) आजार नाही ना, हे न्यूरॉलॉजिस्टच ठरवेल. नुसती पापणी किंवा पोटरी अधूनमधून फडफडणं बहुतेकांना होतं, त्यासाठी रात्रभर गुगल करत बसू नका.

आणि चेहरा वाकडा, एक हात लुळा, जीभ जड, हे अचानक झालं तर तो पक्षाघात. १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. कांदा हुंगवणं, तेल चोळणं, "सकाळपर्यंत बघू", हे सगळं त्या साडेचार तासांतून वजा होतं.

मेंदूशी नातं कसं आहे, थोडक्यात

हे दोन्ही दिशांनी चालतं. पक्षाघातात मेंदूकडून हुकूमच येत नाही, त्या बाजूचे स्नायू काही आठवड्यांतच उतरतात. कंपवातात हालचाल कमी, वजनही घटतं. स्मृतिभ्रंशात जेवण विसरतात, घराबाहेर पडत नाहीत.

उलट दिशा लोकांना माहीत नसते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. स्नायू कमी झाले की साखर रक्तातच राहते, आणि मधुमेह मेंदूच्या रक्तवाहिन्यांना आणि पायांच्या नसांना दोघांनाही पोखरतो. शिवाय काम करणारा स्नायू रक्तात काही रसायनं सोडतो. त्यातलं आयरिसिन २०१२ मध्ये सापडलं. त्यांचा मेंदूवर चांगला परिणाम होतो असं दिसलंय, पण त्यातला मोठा भाग उंदरांवरचा, तेव्हा कोणी "आयरिसिन वाढवणारं" काही विकायला आलं तर दार लावून घ्या.

चालीचा मंदपणा हा विसरण्याच्या कितीतरी आधी दिसू शकतो. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. जो वेर्गीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याला वेगळं नाव दिलं : चाल मंद आणि "हल्ली विसरायला होतं" अशी स्वतःचीच तक्रार, दोन्ही एकत्र असतील तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. धोका जास्त म्हणजे होणारच असं नाही. घरी बघायचं असेल तर चालताना साध्या गप्पा मारा, "आज भाजी काय आणलीस?" उत्तर देण्यासाठी पाय थांबत असतील, तर चालण्यावरच सगळं लक्ष खर्च होतंय. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच पाहिलं होतं : बोलताना थांबणारी माणसं पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडली.

तिसरी पायरी : दाखवायला जाताना

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. रक्ताच्या तपासण्यांत बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, किडनी आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) याबद्दल विचारा. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात, आणि दुरुस्त होणारं कारण राहून गेलं याइतकं वाईट काही नाही. शाकाहारी घरात, त्यातही वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर बी-१२ हमखास बघा. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही काहींचे स्नायू दुखतात, पण ती आपल्या मनाने बंद करू नका.

न्यूरॉलॉजीसाठी केईएम, नायर, सायन आणि जेजे ही मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. पुनर्वसनासाठी हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा, आणि ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून ठेवा. कंपवातासाठी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आधारगट चालवते. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना मिळतात पाच मिनिटं, त्यात "अशक्तपणा आहे" म्हणालात तर टॉनिक मिळेल. म्हणून तीन गोष्टी न्या : चालू गोळ्यांची यादी (सोबत पाकिटंही), कॅलेंडरची पानं, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पॅसेजमध्ये समोरून येताना, वळताना आणि पाठमोरं जाताना, पूर्ण अंग दिसेल असा. ओपीडीत माणूस जोर लावून नीट चालतो, घरचं चालणं व्हिडिओतच सापडतं.

चौथी पायरी : ताकदीचा व्यायाम

शिवाजी पार्कला पाच राउंड मारणाऱ्यांचा राग ओढवून घेऊन सांगते : नुसत्या चालण्याने स्नायू वाढत नाहीत. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं उत्तमच, कट्ट्यावरच्या गप्पांचं मोल तर वेगळंच. पण मांडीला जड काम दिल्याशिवाय ती जोर धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा, तीन दिवस तोलाचा.

"आता या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी बोस्टनची गोष्ट सांगते. १९९० मध्ये तिथल्या वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, वयं ८६ ते ९६, आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतले स्नायू ९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांतली तफावत बघा. मांस थोडं भरलं, जोर कितीतरी वाढला, म्हणजे सुरुवातीची कमाई नसांची. झोपलेले बोर्ड जागे होतात, एकदम पेटायला शिकतात. म्हणून तीन आठवड्यांत पोटरी वाढली नाही म्हणून सोडू नका, खुर्चीचे सेकंद आधी उतरतील.

सुरुवात खुर्चीपासूनच. उठ-बस ८ ते १२ वेळा, थांबून पुन्हा तेवढंच, एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. सहज गेल्या तर पुढच्या आठवड्यात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली छातीशी धरा, मग एक लिटरची. बसताना धपकन बसू नका, "एक-दोन-तीन" मोजत बसा, निम्मा फायदा बसण्यात आहे. ओट्याला धरून टाचा उचला, चहा उकळेपर्यंत वीस होतात. भिंतीला तळवे लावून भिंतीवरचे दंड. बादलीतला ओला पंचा पिळणं हा पकडीचा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे आणि वॉशिंग मशीनने तो घराघरांतून हद्दपार केला. लिफ्ट असेल तर एक मजला आधी उतरून कठडा धरून जिना चढा.

तोलासाठी ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं, एक बोट टेकवून, नंतर बोट उचलून. पावसाळ्यात हे सगळं घरातच करा. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या आवारात फिरायला गेलेल्यांचे मोडलेले मनगट मी दर वर्षी बघते.

श्वास कोंडून जोर लावू नका, उठताना श्वास सोडा. छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काही नाही. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून पुढे वाकून वजन उचलणं टाळा.

पाचवी पायरी : ताट

संध्याकाळी "भूक नाही गं" म्हणून चहा-खारी, नाहीतर मऊ दहीभात. इथे गणित चुकतं. प्रौढांसाठी आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, पण ज्येष्ठांना १ ते १.२ ग्रॅम लागतात असं तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम, ग्लासभर दूध ६-७, शंभर ग्रॅम पनीर सुमारे १८, शंभर ग्रॅम बांगडा साधारण १९-२०. अर्धी वाटी मूगडाळीची (५० ग्रॅम) धिरडी केली तर १२. वरचं पातळ वरणाचं पाणी मात्र नुसतं पाणीच. सगळं दुपारी एकदम नको, तिन्ही वेळांत वाटून द्या. नाश्त्याला धिरडं किंवा अंडी, दुपारी मटकीची उसळ आणि ताक, चार वाजता फुटाणे (दात नसतील तर त्यांचं पीठ दुधात), रात्री दहीभाताबरोबर पनीर किंवा मासळीचा तुकडा. डब्यातली पावडर मी तेव्हाच सुचवते, जेव्हा खरंच चावता-गिळता येत नाही.

दोन अपवाद. किडनीचा आजार असेल तर हे आकडे लागू नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि कंपवातावर लेव्होडोपा चालू असेल तर ती गोळी आणि प्रथिनं आतड्यात एकाच दारातून आत जायला भांडतात. गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतात, वेळ डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. प्रथिनं बंद करू नका. लालबागच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर वाचून दूध-डाळ सगळंच बंद केलं होतं, महिन्यात काकांच्या पोटऱ्या आणखी उतरल्या.

आजारपणात

डेंग्यू, न्यूमोनिया, खुब्याचं ऑपरेशन, काहीही असो, घरच्यांचा पहिला शब्द "आराम कर". निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले, असं २००७ मधल्या एका अभ्यासात दिसलं. आजारी माणसाचं काय होत असेल! तेव्हा डॉक्टरांना रोज विचारा, "आज खुर्चीत बसवू का? आज दोन पावलं चालवू का?" नाही म्हणाले तर पलंगावरच टाचा-पंजे हलवा, मांडी आवळून सोडा. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा मोजा.

काका आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. खुर्ची १३ सेकंदांवर आहे, बरेच दिवस तिथेच आहे आणि आम्हाला ते चालतंय. शेजारी दुरेघी वही ठेवलीय, दोन ओळींमधली जागा भरून लिहायची असा त्यांचा अभ्यास असतो, आणि एवढं झाल्यावर कॅलेंडरवर आकडा. मुलगा एकदा म्हणाला, "ताई, मीच लिहितो ना, पटकन होईल." त्याला तेव्हा जे सांगितलं, तेच तुम्हालाही : पेन त्यांच्या हातात द्या, आणि आज लिहिलेल्या आकड्याशेजारी मागच्या महिन्याचं पान उलटून बघा.